बुधवारची टोचणीबाई

खोली बघायला गेले तेव्हा तिने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मांसमच्छी खाते का तेही विचारलं नाही. दार उघडलं, चष्म्यावरून मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "डावा दंड दाखव."

मला वाटलं, आपण भलत्याच घरात शिरलो.

"अहो, मी खोलीसाठी आले होते. शाळेतल्या शिपायाने सांगितलं की..."

"खोली कुठे पळून जात नाही. दंड."

आवाजच असा की हात आपोआप बाहीकडे गेला. तिने माझ्या दंडावरच्या वणावर अंगठा फिरवला, जरा दाबून बघितलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला. "बीसीजी! काय सुरेख उठलाय गं! टोचणारीचा हात चांगला होता. ये, ये, आत ये. चहा टाकते."

अशी मी तिची भाडेकरीण झाले. सातपूरच्या कामगार वस्तीतलं तिचं बैठं घर, पुढे ती आणि मागच्या खोलीत मी. मी सिन्नरहून नुकतीच शिक्षिका म्हणून आलेले, ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स, पन्नाशीला टेकलेली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या आधी एक इंजिनिअर मुलगा खोली बघून गेला होता म्हणे. त्याच्या दंडावर वण नव्हता. "काहींना उठत नाही, त्यात त्याचा दोष नाही," ती मला न्यायाधीशाच्या थाटात म्हणाली, "म्हणून मी त्याला आईचं पत्र आणायला सांगितलं. गेला तो गेलाच." आता कारखान्यात नोकरी करणारा बाप्या माणूस 'आई, मला लहानपणी टोचलं होतं असं लिहून दे' म्हणून घरी पत्र पाठवेल का? पण हे तिला सांगणार कोण!

तोंडावर मी तिला 'बाई, तुम्ही' म्हणायचे. आळी मात्र तिला टोचणीबाई म्हणायची. दर बुधवारी ती गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत लसीकरणाला बसायची, आणि मंगळवार संध्याकाळपासूनच आया पोरांना दम द्यायला लागायच्या, "जेव, नाहीतर टोचणीबाईला बोलावते." तिला याचा भयंकर राग. "माझं नाव घेऊन भात खायला घालता? मी काय राक्षसीण आहे?" असं ओरडत ती इतकी अंगावर जायची की पोरांची खात्रीच पटायची.

लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. "एवढी पोरं असताना आणखी कशाला?" म्हणाली, आणि मेथी निवडायला लागली.

घरात फ्रीज होता, पण त्यात दही ठेवायची सोय नव्हती. वरच्या खणात बर्फाच्या चपट्या पिशव्या. बुधवारी लसीच्या डब्यात घालायला दवाखान्यातून मिळायच्या त्या वेगळ्या, या तिच्या स्वतःच्या, अडीनडीला. मी एकदा श्रीखंड ठेवायची परवानगी मागितली तर तिने उलट विचारलं, "दार दिवसातून किती वेळा उघडशील?" मी म्हटलं, दोनदा. "एकदा उघड, एकदाच खा." दुसऱ्याच्या घरी गेली तरी तेच. गृहिणी बिचारी फ्रीज उघडून सरबताला लिंबं शोधतेय, आणि ही पाहुणी सोफ्यावरून ताडकन उठून धाडकन दार लावतेय. "थंडी काय फुकट येते का? आधी ठरव काय हवंय, मग उघड!" तिला सरबताला बोलावणारी घरं हळूहळू कमी होत गेली.

म्हातारीकोतारी सोडली तर मोठ्या माणसांना ती सरसकट अरे-तुरे करायची. नगरसेवकालासुद्धा. पण वर्षाच्या आतल्या बाळाला अहो-जाहो. बालवाडीच्या त्या बुटक्या खुर्चीत ती बसलेली, समोर आईच्या मांडीवर साडेतीन महिन्यांचं गाठोडं, आणि हिचं सुरू: "या साहेब. कसे आहात? दूध पिऊन आलात ना? आता मी आपल्याला जरा त्रास देणार आहे, रागवायचं नाही हं." पोरगं टकमका बघत असायचं, आणि 'हं' संपायच्या आत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. मग जो टाहो फुटायचा तो ऐकताना तिची मान गाण्याच्या बैठकीत हलावी तशी हलायची. "वा! काय आवाज आहे! छाती दणकट आहे, बघून घे." आई डोळे पुसतेय, आणि ही तिला पोराचा सूर समजावून सांगतेय. पोरांचं रडणं तिला पाठ होतं. आळीत कुठेही पोर रडलं की भाजी चिरता चिरता म्हणायची, "हा पवारांचा दुसरा. दात येतायत." मी दोनदा जाऊन खात्री केली. दोन्ही वेळा पवारांचाच दुसरा!

माझं अक्षर चांगलं म्हणून बुधवारचं रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं. शाळा दुपारची, तेव्हा सकाळी दहा ते बारा मी तिच्याशेजारी बसून नावं, तारखा, डोस लिहायचे. पगार म्हणून संपल्यावर एक बशी पोहे.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, ती निवृत्त झाली, पण गाठीभेटी चालू राहिल्या. दोन हजारच्या नंतर आळीतल्या पोरांची लग्नं लागायला लागली आणि तिच्या अंगात नवंच वारं शिरलं. बोलावणं असो नसो, ही हजर. एका लग्नात मी तिच्याबरोबर स्टेजवर गेले. नवरदेव फेट्यात, मुंडावळ्यांत, घामाघूम. हिने आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवायच्या ऐवजी दंडावर ठेवला आणि नवरीला मोठ्यांदा सांगितलं, "ट्रिपलच्या दुसऱ्या डोसला मला चावला होता हा! दात नव्हते, तरी चावला! जपून राहा हो पोरी." नवरीकडची मंडळी बघतच राहिली. नवरदेवाची आई मात्र पदर तोंडाला लावून हसून हसून खाली बसली. बाहेर जेवणाच्या रांगेत ही बोट दाखवत चाललेली, "तो बघ, पोलिओचा थेंब थुंकायचा. ती गोवराला आलीच नव्हती, घरी जाऊन धरली. तो लांबचा, मिशीवाला, तो माझ्या साडीवर..." जाऊ दे, जेवताना सांगण्यासारखं नाही ते.

एवढी बडबडी बाई, पण मी भाडेकरीण असताना एकदा तिचा सूर बदललेला ऐकला. पाचवीच्या मुलांना रोगांची नावं शिकवताना घटसर्प हा शब्द आला, आणि एका मुलीने विचारलं, तो साप कुठे असतो? मला तरी कुठे माहीत होतं! घरी येऊन मी हसत हसत ते बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"शिकत होते तेव्हा वॉर्डात असायची पोरं," त्या म्हणाल्या. "घशात राखाडी पापुद्रा धरतो. श्वास घेताना गळ्याशी खड्डा पडतो, इतकं ओढतात. चार-पाच वर्षांचं पोर सगळं समजत असतं गं. आपल्याकडे बघत असतं. एका रात्री एकाच पलंगावरची चादर मी दोनदा बदलली." मग म्हणाल्या, "तुझ्या वर्गातल्या पोरीला साप वाटला ना? वाटू दे. तसंच वाटत राहू दे." त्या दिवशी त्यांनी फ्रीजमध्ये माझं श्रीखंड ठेवून घेतलं, काही न विचारता.

आता ती चैत्रातली गोष्ट, मी तिच्याकडे राहत असतानाचीच. ती आठवली की मला अजून एकटीला हसू येतं आणि नंतर गिळून घ्यावं लागतं.

आमच्या मागच्या गल्लीत कामाला नवंच आलेलं एक कुटुंब होतं. त्यांची तीन वर्षांची मुलगी, फुगे दिसले की नाचायची. सोमवारी संध्याकाळी बाईंना त्यांच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला दिसला, आणि त्या चपला न घालता आत घुसल्या. पोरीला गोवर. अंगभर पुरळ, श्वास जोरात चाललेला. घरच्यांचं म्हणणं, देवी आलीय, सुई-औषध केलं तर कोपेल. बाईंनी वाद घातला नाही. "देवीला म्हणावं, मोठ्या दवाखान्यात चल, तिथे पंखा आहे," असं म्हणत रिक्षा बोलावली आणि पोरीला भरती करूनच परतल्या. लस? एकही नाही. गावोगाव कामाला फिरणारी माणसं, कुठल्याच बुधवारी सापडली नव्हती.

त्या रात्री त्यांनी रजिस्टर काढून नऊ महिने भरलेली, गोवराची लस राहिलेली सगळी पोरं शोधली. त्यात आमच्या समोरचीच जुळी होती, आकाश आणि विकास. आकाश म्हणजे दगड, बारशालाच त्याने पाळण्याची दोरी ओढलेली. विकास नावाचाच विकास, अंगाला काही लागायचं नाही, सदा सर्दी, सदा आजीच्या पदरात. तोंडवळा मात्र एक. आजीचा जीव की प्राण होता विकास. वणीकडची बाई ती, बोलायला खणखणीत. वणीच्या देवीच्या गडावर नेऊन दोघांचं जावळ काढायचा नवस बोललेली, आणि निघायचं होतं नेमकं बुधवारी दुपारी, चैत्राच्या यात्रेला.

"आधी टोचायचं, मग गडावर," बाईंनी मंगळवारी बजावलं.

"आणते की! मीच आणते," आजी म्हणाली.

बुधवारी साडेदहाला बाईंनी गोवराच्या लसीच्या कुपीतली पूड विरघळवली. ही कुपी एकदा उघडली की चार तासांची धनीण, पुढे फेकायची. पावणेअकराला आजी आकाशला घेऊन आली. उजव्या दंडाला टोचलं, त्याने छप्पर डोक्यावर घेतलं, मी रजिस्टरमध्ये लिहिलं: आकाश, गोवर. साडेअकराला आजी दुसऱ्या झबल्यातलं पोर आणि दुसरं कार्ड घेऊन आली. ते पोर दारातूनच किंचाळायला लागलं. रांग दारापर्यंत होती, बाईंनी घाईतच टोचलं, मी लिहिलं: विकास, गोवर. आजी लगबगीने गेली. साडेबाराला सगळं आवरून आम्ही पोह्यांना बसलो.

बाईंचा घास तोंडाशी थांबला.

"मास्तरीण, तो दारातूनच का रडला?"

"सुई बघून असेल."

"सुई कुठे दिसत होती? ती ट्रेमध्ये, फडक्याखाली. तो मला बघून रडला. अगं, मागचा डोस साडेतीन महिन्यांचा असताना दिला, त्याला काय आठवतंय? आधीचे सगळे आले, माझ्याकडे बघून हसले. याने मला ओळखलं! म्हणजे याने मला तासाभरापूर्वी पाहिलंय!" त्या उठून उभ्याच राहिल्या. "आणि रडणं आकाशचं! कान फुटले होते का माझे? म्हातारीने एकच पोर दोनदा आणलं!"

मला हसू फुटलं. अहो फुटणारच! पण बाईंचा चेहरा बघून मी पोहे खाली ठेवले.

"आकाशला काही होणार नाही, दोनदा टोचलं तरी. पण सोमवारी दुपारी म्हातारी त्या पोरीच्या घरी ओटी घेऊन गेली होती, देवी आलीय म्हणून. काखेत दोन्ही नातू. दोघं तिथे तासभर होते. तीन दिवसांच्या आत टोचलं तर लस रोगाच्या पुढे पळते. नंतर रोगच पुढे. आणि त्या विकासच्या छातीत काही दम आहे का गं?"

समोरच्या घराला कुलूप. वणीच्या गाडीला गेले, रिक्षाने, शेजारीण म्हणाली. बाईंनी लसीचा डबा माझ्या गळ्यात अडकवला आणि मोपेडला किक मारली.

मी मागे बसले. काय सांगू ती वरात! पुढे पांढऱ्या साडीचा पदर खोचलेली नर्स, मागे डबा पोटाशी धरलेली मास्तरीण. माझी शाळा त्या दिवशी बुडाली ती बुडालीच. सीबीएसच्या एसटी स्टँडवर पोचतो तर वणीची गाडी फाटकातून बाहेर पडताना दिसली. बाईंनी हॉर्न दाबला, तो वाजला नाही. मग त्या स्वतःच ओरडल्या. पंचवटी, म्हसरूळ, गाडी पुढे आणि आम्ही मागे. जत्रेची गाडी, जागोजागी थांबायची, आम्ही जवळ पोचलो की सुटायची. चढ आला की आमची मोपेड कण्हायची, मग बाई पॅडल मारायच्या आणि मला मागे वळून ओरडायच्या, "वजन कमी कर!" आता धावत्या गाडीवर मी वजन कमी करू तरी कसं? एका चढाला शेवटी उतरून धावले. द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. एकीने ओरडून विचारलं, "काय पळवून चाललाय गं?" मी धावता धावता ओरडले, "लस!" आणि आम्ही दोघीही वेड्यासारख्या हसत सुटलो. दिंडोरीत शिरलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. गाडी स्टँडवर उभी, ड्रायव्हर भज्यांच्या गाड्यावर. कुपीची पंचवीस मिनिटं उरली होती.

बाई सरळ गाडीत चढल्या, मागोमाग मी. मधल्या बाकावर आजी, शेजारी सून, दोघींच्या मांडीवर एकेक पोर. दोघांना सारखीच टोपडी, सारखीच झबली. आजीने बाईंना बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आजी, विकासला द्या माझ्याकडे."

"टोचला की मघाशी."

"द्या म्हणते ना."

आजीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि सुनेच्या मांडीवरचं पोर उचलून पुढे केलं. झोपलेलं पोर जागं झालं. डोळे उघडले. समोर बाई! जो काही हंबरडा फोडला त्याने, पुढच्या बाकावरच्या माणसाच्या हातातलं भजं पडलं.

"हा आकाश!" बाई गरजल्या. "तिसऱ्यांदा! आजी, तिसऱ्यांदा द्यायला निघालात याला!" आणि त्याची बाही वर केली. दंडावर शेजारी शेजारी दोन टिपके. अख्खी गाडी वाकून बघायला लागली. तेवढ्यात आजीच्या पदरातून दुसरं पोर बाहेर डोकावलं आणि बाईंकडे बघून बोळकं पसरून हसलं. "आणि हे साहेब," बाई एकदम हळू झाल्या. "नमस्कार. आपलीच वाट बघतेय."

आजीने त्याला घट्ट धरलं. डोळे भरून आले तिचे. "नगा टोचू वो. लय नाजूक हाय त्यो. ताप आला तं जावळ कसं काढायचं? आकाश सोसतो, म्हून त्यालाच दोन डाव आनला. दोघांचं मिळून व्हईल वाटलं."

"दोघांचं मिळून?" बाईंनी कपाळावर हात मारला. "एकाने जेवलं तर दुसऱ्याचं पोट भरतं का?"

"जुळी हायेत ना," आजी म्हणाली. त्यावर गाडीतले दोघं-तिघं माना हलवायला लागले, त्यांना पटलं होतं!

"ताप आलाच तर आठवड्याने येतो, तोही थोडा. तोवर तुमचं जावळ होऊन घरी याल. पण गोवर झाला तर या छातीला झेपणार नाही, आजी."

पुढच्या बाकावरचे एक पागोटेवाले बाबा म्हणाले, "देवीच्या दारी चाललोत बाई, रस्त्यात लेकराला सुया टोचू नये. ती बघून घेईल."

"तिला हात किती, बाबा?"

"अठरा."

"अठरा हात एवढ्या जत्रेला पुरतील का? एकोणिसावा म्हणून तिनेच मला धाडलंय. सरका."

कंडक्टर खिडकीतून ओरडला, गाडीला उशीर होतोय. मी घड्याळात बघितलं. वीस मिनिटं. आजीची मिठी काही सुटेना, आणि बाई ओढाताण करणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या. हात पुढे केलेले, घामाने चष्मा घसरलेला.

तेव्हा सून उठली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आळीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. परत तिच्याकडे आलेल्या रडणाऱ्या आकाशला तिने माझ्याकडे दिलं, सासूच्या हातांची बोटं एकेक करून सोडवली आणि विकासला स्वतःच्या मांडीवर घेऊन बाही वर केली.

"टोचा बाई," ती म्हणाली. "माझा हाय त्यो. मी धरते."

बाईंनी टोचलं. विकास आधी चकित झाला, मग त्याने बारीक, किरटा सूर लावला. आकाशच्या पाव आवाजही नसेल. बाई तो कान देऊन ऐकत राहिल्या. मग गाडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या, का ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पागोटेवाल्या बाबांनी विचारलं, मोठ्या माणसांना असतं का काही? कंडक्टरने घंटा मारली आणि आम्ही उड्या मारून उतरलो. परत येताना बाई मोपेडवर गात होत्या. आवाज भयंकर होता.

गल्लीत शिरलो तर मागच्या गल्लीतली बाया-माणसं रस्त्यावर उभी होती. ती फुग्यांवर नाचणारी पोर दुपारीच गेली होती, दवाखान्यात. बाईंनी मोपेड तशीच उभी सोडली, तिच्या घरी गेल्या आणि तिच्या आईशेजारी भिंतीला टेकून बसल्या. मी रजिस्टरमध्ये विकासच्या नावापुढे चुकून झालेली नोंद नीट करायला घेतली, आणि मला अक्षरं दिसेनात. खूप रडले मी त्या दिवशी.

पुढच्या पंधरा दिवसांत मागच्या गल्लीत आणखी तीन पोरांना गोवर निघाला. बाई रोज सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायच्या. पोरं वाचली. समोरच्या कुलपाकडे जाता-येता बघायच्या. आजीने गडानंतर वणीत भावाकडे मुक्काम ठोकला होता.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो, तर आजी तरातरा येताना दिसली. मागे सून, दोन्ही काखांत दोन गुळगुळीत टकली. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खांब धरलेला मी बघितला.

आजी भांडायलाच आली होती. कमरेवर हात ठेवून तिने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सुरू केलं. "बघा बाई, बघा माज्या नातवाला! भर ष्ट्यांडात रडवला त्याला. चार मान्सांत माजी शोभा केली. गोवर व्हईल, गोवर व्हईल म्हनून जीव खाल्ला. कुठं हाय गोवर? ना पुरळ, ना खोकला. कशापायी टोचलं मंग? काय बी झालं नाय!"

बाईंनी विकासला घेतलं. टकलावरून हात फिरवला, छातीला कान लावला, डोळे बघितले. तो त्यांच्या चष्म्याशी झोंबत होता. बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मागच्या गल्लीकडे त्यांची एकदा नजर गेली.

"आजी," त्या म्हणाल्या, "काय म्हणालात? पुन्हा एकदा म्हणा."

आजीला वाटलं, बाईला ऐकू कमी येतं. ती जवळ आली, बाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि बहिऱ्याला सांगावं तसं एकेक शब्द तोडून ओरडली, "काय! बी! झालं! नाय!"